गोळी कोण सुरू करणार?

आईच्या हृदयात धातूची झडप बसवून अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी सातला रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत होती. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी धरायची भीती आणि जास्त झाली तर रक्तस्रावाची. आईने टेलिफोन ऑपरेटरची नोकरी तीस वर्षं केलेली, त्यामुळे वेळेच्या बाबतीत एकदम पक्की. अकरा वर्षांत एक गोळी चुकली नाही. मग तिच्या पित्ताशयात खडे निघाले आणि सगळा घोळ सुरू झाला.

सर्जनांनी गुरुवार दिला. "गोळी पाच दिवस आधी बंद करा. बाकी हार्टवाल्या डॉक्टरांना विचारून घ्या," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आईचा मुलगा लिफ्ट मेकॅनिक होता. दुपारच्या सुट्टीत, ग्रीसचे हात पुसत, तो हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टर रजेवर होते. त्यांचा असिस्टंट म्हणाला, "ऑपरेशन ज्यांचं, ते सांगतील." सर्जनांच्या रिसेप्शनवर फोन केला तर, "ते हार्टवालेच सांगतील ना!" पुन्हा असिस्टंटला फोन केला तर लाइन एंगेज. चार दिवस ही टोलवाटोलवी चालली. शेवटी शनिवारी त्याने आईची गोळी बंद केली. सर्जनांच्या चिठ्ठीवर तेवढंच तर लिहिलं होतं.

बुधवारी आईला दाखल केलं. भूल देणाऱ्या डॉक्टर फाइल चाळता चाळता थांबल्या.

"इंजेक्शनं कोण देतंय?"

"कसली इंजेक्शनं?" मुलाने विचारलं.

"झडप धातूची आहे ना? गोळी बंद असते त्या दिवसांत पोटात इंजेक्शनं द्यावी लागतात, गुठळी होऊ नये म्हणून. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

म्हणजे इतके दिवस आई घरभर फिरत होती, कपाटं आवरत होती, आणि तिच्या झडपेला कसलंच संरक्षण नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "विचारलं सगळ्यांना. सांगितलं कोणीच नाही."

ऑपरेशन रद्द झालं. त्याच दुपारी हृदयाची सोनोग्राफी झाली. नशिबाने झडप स्वच्छ होती. इंजेक्शनं सुरू झाली, गोळी पुन्हा सुरू झाली, आणि आईने भरून आणलेली पिशवी जशीच्या तशी परत नेली.

"पाच दिवस बिनतेलाचं खाल्लं मी," ती रिक्षात म्हणाली. "कशासाठी? रिहर्सलसाठी?"

पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. या वेळी मुलाने कोणावर विसंबून राहायचं नाही असं ठरवलं. लिफ्टच्या कामात माणूस खाली खड्ड्यात उतरला की वीज कोणी बंद केली, किती वाजता, आणि परत चालू कोण करणार, हे पाटीवर लिहून सही करतात. ज्याची सही, त्याच्याशिवाय दुसऱ्याने स्विचला हात लावायचा नाही. मुलाने तसाच एक तक्ता कागदावर आखला. गोळी कधी बंद, इंजेक्शन कधी सुरू, शेवटचं इंजेक्शन कधी, ऑपरेशननंतर गोळी कधी सुरू. प्रत्येक ओळीपुढे सहीची जागा.

हृदयरोगतज्ज्ञ रजेवरून परतले होते. त्यांनी पहिल्या तीन ओळी भरल्या, चौथी सर्जनांवर सोडली आणि हसत सही केली. सर्जनांनी नाक मुरडलं. "आमच्यावर विश्वास नाही वाटतं?"

"मागच्या वेळी ठेवला होता," मुलगा म्हणाला.

त्यांनी वरच्या तीन ओळींवर सही केली. चौथीवर म्हणाले, "ते ऑपरेशननंतर बघू."

या वेळी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. रोज सकाळ-संध्याकाळ मुलगा आईच्या पोटावर चिमटीत कातडी धरून इंजेक्शन द्यायचा. सुई टोचायच्या आधी तो दोन-तीनदा थांबायचा. आई म्हणायची, "अरे, दहा मजले चढवतोस लोकांना, एक सुई धरवत नाही?" शेवटचं इंजेक्शन ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी दिलं. ऑपरेशन पाऊण तासात व्यवस्थित पार पडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी जायचा कागद हातात आला. मुलाने तो दोनदा वाचला. पोटदुखीची गोळी होती, अँटिबायोटिक होतं, पित्ताची गोळी होती. रक्त पातळ ठेवणारी गोळी नव्हती आणि इंजेक्शनंही नव्हती.

"सिस्टर, हिची रोजची गोळी?"

"कागदावर आहे तेवढंच द्यायचं."

"पण ती बंद केली होती. सुरू कोण करणार?"

"सर ऑपरेशनमध्ये आहेत. ओपीडीला या सोमवारी."

सोमवार म्हणजे आणखी तीन दिवस. आई चाकांच्या खुर्चीत बसून होती, टाके ओढत होते. "चल ना रे आता. घरी जाऊन मी नेहमीसारखी घेईन गोळी."

"आणि इंजेक्शन? आतून रक्त आलं तर? कधीपासून, किती, तुला माहीत आहे? मला माहीत आहे?" त्याचा आवाज चढला. कॉरिडॉरमधले लोक वळून बघायला लागले. "सही झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही!"

"शोभतं का हे?" आई पुटपुटली. तिचा चेहरा उतरला होता. त्याला लाज वाटली, पण तो हलला नाही.

दीड तासाने सर्जनांची ज्युनियर डॉक्टर वैतागून आली. तिने कागद घेतला, तक्ता पाहिला आणि फाइल उघडली. बाजूला जाऊन तिने थिएटरमध्ये सरांना फोन लावला. परत आली तेव्हा तिच्या आवाजातला वैताग उतरला होता.

"गोळी आजच संध्याकाळी सुरू. इंजेक्शन उद्या सकाळपासून, रक्त किती पातळ आहे त्याचा रिपोर्ट अडीचच्या वर जाईपर्यंत. दर दोन दिवसांनी तपासणी." तिने कागदावर लिहिलं आणि चौथ्या ओळीवर सही केली. "टाइप करताना राहून गेलं असेल," एवढंच ती म्हणाली. माफी कोणी मागितली नाही.

रिपोर्ट हळूहळू चढला. एक पूर्णांक तीन, मग एक पूर्णांक सात, मग दोन पूर्णांक एक. दहाव्या दिवशी दोन पूर्णांक सहा. इंजेक्शनं थांबली. आईच्या पोटावर निळे-जांभळे डाग राहिले.

महिन्याने दोघं हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी फाइल उलटली.

"मग, पित्ताशयाचं झालं की पुन्हा पुढे ढकललं?"

"झालं," मुलगा म्हणाला. "महिना झाला."

"अरे! मला कोणी कळवलंच नाही."

मुलाने तोंड उघडलं, पण आईने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "डॉक्टर," ती म्हणाली, "तीस वर्षं मी लोकांचे फोन जोडून दिले. तुमचा आणि सर्जनांचा एक जोडायला मला आधीच बोलवायचं होतंत."

डॉक्टर हसले. मुलाला हसू आलं नाही. त्याने पिशवीतून सह्यांचा तक्ता काढला आणि त्यांच्या फाइलमध्ये लावला.