बाबांनी भरलेलं पॅकिंग

बोट गळते ती थोरलीमुळे, हे घरात इतक्या वेळा बोलून झालं होतं की आता ते कुणी सिद्धही करायला जात नव्हतं. बाबांनी चाक तिच्या हाती दिलं आणि त्याच महिन्यात सुकाणूचा दांडा जिथे बुडातून आत येतो, तिथून पाणी झिरपू लागलं. झालं, बाबांचा निकाल तयार. "ही चाकाला हिसके देते. बाईच्या हाताला सबुरी नसते."

सबुरी नसते म्हणे! रोज सकाळी प्रवासी यायच्या आत पाणी उपसायचं, हात पुसायचे आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने तिकिटं फाडायची, हे सगळं बिनसबुरीचंच चाललं होतं जणू.

आता तर कळस झाला. पुढच्या आठवड्यापासून चाक धाकट्याकडे, असं बाबांनी जेवता जेवता जाहीर केलं. धाकटा, म्हणजे तिचा भाऊ, खाली मान घालून जेवत राहिला. एवढा दाढीमिशीचा बाप्या, पण बापापुढे ब्र काढेल तर शपथ.

"आणि गळतीचं कारण मी नसले तर?" थोरलीने विचारलं.

"मग काय, बोट रडते?" बाबा म्हणाले आणि त्यांनी आणखी भात मागितला.

सुट्टीच्या दिवशी ओहोटीला बोट चिखलात टेकली, तशी थोरली पाना, आकडी आणि नव्या पॅकिंगचं भेंडोळं घेऊन मागच्या फळीखाली शिरली. पॅकिंग म्हणजे ग्रीसमध्ये भिजवलेली जाड सुती दोरी. ती दांड्याभोवती ठासून भरायची आणि वरून नट आवळायचा, म्हणजे पाणी आत येत नाही. जागा अशी, की माणूस आत गेला की त्याचा गुडघा त्याच्याच कानाला लागावा. धाकटा वरून टॉर्च धरून बसला. बाबाही आले. काम न करता कामावर हजर राहण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

नट इतका आवळलेला होता की पान्यावर पाय देऊन तो हलवावा लागला. गळलं की आवळ, पुन्हा गळलं की पुन्हा आवळ, एवढीच बाबांची विद्या. तिने आकडी घालून जुनी दोरी ओढली. एखादा तुकडा हाताला लागेल असं तिला वाटलं होतं, पण दोरी येतच राहिली. हातभर आली, दोन हात आली, तरी संपेना. एकच अखंड दोरी दांड्याभोवती स्प्रिंगसारखी गुंडाळलेली होती.

दोरीच्या कड्या कापायच्या, एकीवर एक बसवायच्या आणि सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, ही साधी रीत. अखंड गुंडाळणं म्हणजे पाण्याला जिना बांधून देणं.

"हे कुणी भरलं?"

"मी," बाबा छाती काढून म्हणाले. "तुला चाक दिलं तेव्हा मुद्दाम नवं भरलं. आपल्या घरात दोरी कापत नाहीत. कापली की तिचं बळ जातं."

"म्हणजे तुम्ही भरलंत तेव्हापासून गळतंय."

बाबा खाकरले आणि लांब कुठेतरी बघू लागले.

थोरलीच्या अंगाची लाहीलाही झाली. करून सवरून हे नामानिराळे आणि बादली हिच्या गळ्यात. पण भरती काही तिच्या रागासाठी थांबणार नव्हती. तिने एकेक कडी कापली, नीट बसवली, नट बेताने आवळला. सुरीच्या प्रत्येक घावाला बाबांचा चेहरा दाढ उपटल्यासारखा होत होता.

पाणी चढलं, बोट तरंगली. बाबांनी स्वतः वाकून दांड्याच्या बुडाशी हात फिरवला. कोरडं ठणठणीत.

"बरं झालं," ते म्हणाले. "आता धाकट्याला निर्धास्त देता येईल."

थोरली त्यांच्याकडे बघतच राहिली.

"म्हणजे गळती हे नुसतं निमित्त होतं."

"घरात मुलगा असताना मुलीच्या हाती चाक. लोक हसतात मला."

"मग हे तेव्हाच सांगायचं होतं, बाबा. रोज पाणी उपसायला लावून मलाच नावं कशाला ठेवलीत?"

बोलला तो धाकटा, आणि तोही टॉर्चकडे बघत. "मला बोट लागते, बाबा. लहानपणापासून लागते. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही."

"आणि तुझं तोंड काय शिवलं होतं?" थोरली त्याच्यावर उखडली. "ताईने बोलणी खाल्ली की तुझं पोट भरत होतं?"

धाकट्याने टॉर्च विझवला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे चाक धाकट्याकडे जायचं ठरलं होतं त्याच दिवशी, पहिल्या फेरीला बाबा आले. चाकाशी थोरलीच उभी होती. एरवी ते चाकाशेजारी उभे राहून हुकूम सोडायचे. आज तिथे आले, घुटमळले आणि मग मागे जाऊन प्रवाशांच्या बाकावर, दोन पिशव्यांच्या मधे अंग चोरून बसले. थोरलीने ते पाहिलं. तिचा राग गेला नव्हता, इतक्यात जाणारही नव्हता. तिने बाबांचंही तिकीट फाडून त्यांच्या हातात ठेवलं आणि बोट सोडली.