कागदावरची मालकीण

आमच्या धंद्यात काहूल नावाचा एक माणूस लागतो. जमिनीच्या खरेदीखतावर त्याचं नाव, परवान्यावर त्याचं नाव, बांधकामाच्या फलकावर त्याचं नाव. बांधणारा मात्र दुसराच. परवान्यापेक्षा जास्त मजले चढले, इमारत कलली, खटला उभा राहिला, की पोलीस या नावाला धरून नेतात. खरा मालक तोवर किनाऱ्यावर हुक्का ओढत पुढच्या जमिनीचा सौदा करत बसलेला असतो. अलेक्झांड्रियात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणाच्याही पोटात ढवळत नाही. माझ्या ढवळतं.

बाबांचे, म्हणजे हाज बसयुनींचे, गुडघे निकामी झाले तेव्हा त्यांनी मला हाताशी घेतलं. थोरला भाऊ शरीफ लोखंड-सिमेंटची खरेदी बघायचा, पण हिशेबापलीकडे त्याचं डोकं चालत नाही असं बाबांचं मत. मी इंजिनिअर, वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या कचेरीत नकाशे काढलेली. "नाहेद, बांधायला गवंडी मिळतो. धंदा चालवायला डोकं लागतं," ते म्हणाले आणि मी हुरळले.

पहिला धडा त्यांनी बांधकामावर दिला, ताज्या स्लॅबच्या कडेला खुर्ची टाकून. सूर्यफुलाच्या बिया फोडत होते आणि टरफलं ओल्या स्लॅबवरच थुंकत होते.

"या धंद्यात सगळ्यात महाग काय?"

"लोखंड," मी म्हटलं.

"खुळी आहेस. नाव! ते एकदा खराब झालं की संपलं. म्हणून आपलं नाव वापरायचंच नाही."

मग त्यांनी शहाता चाचाला हाक मारली. हा मासळीबाजारात पेट्या उचलणारा म्हातारा. बाबांच्या इमारतींसाठी दोनदा तुरुंगात जाऊन आलेला. तो येऊन अदबीनं उभा राहिला. बाबा त्याच्यासमोरच मला समजावू लागले, जणू बाजारात बकरा दाखवतायत.

"याला नीट बघून ठेव. पुढच्या इमारतीचा माणूस तुला निवडायचाय. आजारी नको, आत मेला तर बोभाटा होतो. दारुडा नको, बरळतो. बायकापोरं असलेला बघ. त्यांच्या जेवणाची सोय आपण केली की तोंड उघडत नाही."

"मलाच परत घ्या की, हाजसाहेब," शहाता चाचा म्हणाला. "तिथल्या डाळीची सवय झालीये. घरच्या डाळीत हल्ली चव लागत नाही."

सगळे खो खो हसले. मुकादम रईस दसूकी तर गुडघ्यावर थाप मारून हसला. शहाता चाचाही हसत होता, पुढचे दोन दात नव्हते. मला किळस आली. त्याची नव्हे, आमची.

मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. "बाबा, पुढच्या इमारतीला काहूल नाही. माझं नाव घाला. जमिनीवर माझं, परवान्यावर माझं. आणि परवाना आठ मजल्यांचा असेल तर आठच बांधायचे."

आता ते आकाशपाताळ एक करतील अशी माझी खात्री होती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"शाब्बास! ही माझी मुलगी."

दसूकीनं सगळ्या कामगारांना सरबत वाटलं. फलकावर निळ्या अक्षरांत नाव चढलं, मालकीण: इंजिनिअर नाहेद बसयुनी. मी चोरून त्याचा फोटो काढला. मूर्ख!

आठवा मजला होत आला तेव्हा बाबांनीच मला कैरोला धाडलं. तिथे बांधकाम धंद्याच्या व्यूहनीतीचा मोठा अभ्यासक्रम होता. फी त्यांनी भरली. शिकवणारा सूटबूटवाला पडद्यावर रंगीत चौकोन दाखवायचा. आपलं बळ कोणतं, दुबळेपणा कुठे, संधी कुठली, धोका कोणाकडून. मी शाळकरी पोरीसारखी लिहून घ्यायचे. बाबा फोन करून विचारायचे, "आज काय शिकलीस, सांग बरं," आणि मी सांगितलं की पोट धरून हसायचे. मला वाटायचं, कौतुकानं हसतायत.

मध्ये ईद आली. "परीक्षा बुडवू नकोस, येऊ नकोस," असं म्हणून त्यांनी ईदची बिस्किटं डबा भरून पाठवली. ईदला सगळ्या सरकारी कचेऱ्या आठवडाभर बंद असतात, बांधकामांवर तपासणीला काळं कुत्रं फिरकत नाही, हे याच धंद्याच्या घरात वाढलेल्या मला आठवायला हवं होतं. मी बिस्किटं खात बसले.

परत आले ती थेट बांधकामावर. जिन्यात एक जाडजूड बाई धापा टाकत चढत होती, हातात मोजपट्टी. अफाफबाई, शाळेत शिकवतात असं त्यांनीच सांगितलं.

"पडद्यांची मापं घ्यायला आले हो. मुलाचं लग्न ठरलंय. दहाव्यावरून समुद्र काय दिसतो!"

"बाई, इमारत आठ मजल्यांची आहे."

"चेष्टा करता होय!" म्हणून त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला.

मी वर धावले. नववा, दहावा, अकरावा. अकराव्याच्या खांबावर मी किल्लीनं खरवडलं तर काँक्रीटमधून शिंपल्यांचे तुकडे गळून पडले. न धुतलेली, समुद्रकाठची खारी वाळू. आतलं लोखंड गंजणार आणि या बाईची नवी सून त्या खांबाखाली निजणार. आठ मजल्यांसाठी घातलेल्या पायावर हे ओझं.

दसूकी मागून आला. "बाशमुहंदिसा, इंजिनिअरबाई, रागावू नका. हाजसाहेबांचाच हुकूम. ईदभर झोपलो नाही आम्ही."

जणू मी त्याच्या जागरणाचं कौतुक करायला आले होते. खाली फाटकाला सरकारी नोटीस डकवलेली होती. बेकायदा मजल्यांबद्दल मालकिणीवर खटला भरत आहोत, शिक्षा तुरुंगवासाची. नाव माझं, वडिलांच्या आणि आजोबांच्या नावासकट, एकही अक्षर न चुकता.

शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला जमले. आईनं मासळीचा भात केला होता, बोय मासे तळले होते. सगळ्यात मोठा मासा तिनं माझ्या ताटात वाढला आणि माझ्याकडे न बघता दुसरीकडे वळली. तेव्हा मला कळलं की तिलाही माहीत होतं.

"बाबा, मला काहूल केलंत?"

"मी कुठे केलं? निवड तूच केलीस. मी नुसतं शाब्बास म्हटलं." ते काटा चोखत होते. "घाबरतेस कशाला? बाईमाणूस बघून न्यायाधीश नरमतात. फार तर चार-सहा महिने. आपला वकील आहे."

"शरीफचं नाव का नाही घातलं?"

"शरीफला तीन पोरं आहेत. तुला कोण आहे?"

हे ते सहज बोलले. भाजीत मीठ किती, ते सांगावं तसं. शरीफ मान खाली घालून भात चिवडत होता. भाऊ म्हणे! आई म्हणाली, "जेवताना नको गं हे विषय."

"ठीक," मी म्हटलं. "उद्या मी अर्ज देते. वरचे तीन मजले पाडायचा. खालचे न विकलेले दोन फ्लॅट माझ्याच नावावर आहेत, ते विकून वरच्यांनी भरलेले पैसे परत करीन."

बाबा हसले. "तू कोण पाडणार?"

"मालकीण."

शरीफचा हात ताटातच थांबला. "बाबा, हिच्याकडून उलटा कागद घेतलात ना?"

काहूलकडून आणखी एक कागद घेतात, ही मालमत्ता माझी नाही असं त्याच्या सहीचा. तो खऱ्या मालकाच्या तिजोरीत राहतो. शहाता चाचाचे असे दोन होते. तो नसेल, तर सरकारदरबारी जमीन आणि इमारत खरोखरच काहूलची.

बाबा ताटातला काटा उगाच उलटासुलटा करू लागले. त्यांची चुळबुळ मी जन्मात पहिल्यांदाच पाहत होते.

"पोटच्या पोरीकडून कोण घेतं असला कागद?" आई त्यांची बाजू घेऊन म्हणाली. "लाज नाही वाटत?"

"वाटली," बाबा पुटपुटले. "लाज वाटली मला मागायची."

क्षणभर, खरंच क्षणभर, मला त्यांची दया आली. एवढी तरी लाज शिल्लक होती म्हणायची. मग त्यांनी हात पुसला, शरीफला कोरा कागद आणायला सांगितलं आणि ताटं बाजूला सारून तो माझ्यासमोर ठेवला. कागदाला तेलाची बोटं लागली.

"खाली सही कर, पोरी. वरचं मी लिहून घेईन. घरातल्या घरात कसली लाज?"

पेन आईनं आणून दिलं.

मी उठले, मोरीवर जाऊन साबणानं हात धुतले. हातांचा वास गेला, बाकीचा जाईना. सही केली नाही. मागून बाबा ओरडत होते, हिला शिकवलं हीच चूक झाली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनानं माझा अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हे मजले पाडायचेत? कोणाला?"

"मालकिणीला."

"मालकीण कुठाय?"

"मीच."

तो वाकून माझ्या मागे बघू लागला. दारात कोण उभं आहे, बाहेर गाडीत कोण बसलंय. कुणी दिसलं नाही तसा हलक्या आवाजात, अगदी आपुलकीनं म्हणाला, "बाई, माझ्यापाशी लपवू नका. इथे यायचे तुम्हाला किती दिले?"

मी अर्ज पुन्हा त्याच्यापुढे सरकवला आणि त्यावर शिक्का पडेपर्यंत खिडकीपासून हलले नाही.