मामंजी पक्षकार नाहीत

हिस्से वेगळे झाल्याबरोबर धाकट्या दिराने हद्दीवर भिंत घातली आणि ती थेट मामंजींच्या खिडकीपुढे उभी राहिली. थोरल्या सुनेने आधी सांगून पाहिलं, मग रडून पाहिलं, शेवटी दावा लावला. मामंजींचं अर्धं अंग लुळं होतं. पलंगावरून त्यांना जग दिसायचं ते त्या एका खिडकीतून. आता विटा दिसत होत्या.

थोरलीची समजूत साधी होती. न्यायाधीश विचारतील, खिडकी कुणी बुजवली? ती म्हणेल, भावजींनी. भावजी खाली मान घालतील, की झालं. इतकं भाबडं माणूस कोर्टात सहसा येत नाही, आणि आलं की कुणा ना कुणा वकिलाचा दिवस बरा जातो.

"बाई, आता तुम्ही वादी आणि दीर प्रतिवादी," तिचे वकील म्हणाले. "तुम्ही गप्प बसायचं."

"मग बोलायचं कुणी?"

"मी आहे ना! आणि त्यांच्या बाजूने त्यांचे वकील. ते तुम्हाला खोटं पाडतील, पण मनाला लावून घेऊ नका. फार सज्जन माणूस. दुपारचा चहा आम्ही बरोबरच घेतो."

समन्स पोचवायचं काम बेलिफाचं. त्याने ते इतक्या निगुतीने केलं, की पहिल्या खेपेला 'प्रतिवादी मिळून आले नाहीत' असा शेरा मारून परत गेला. दार भावजींनीच उघडलं होतं. कोर्टाच्या दारात एक शिपाई पुकारा करी. तो ऐकून सख्ख्या आईलाही आपल्या लेकराचं नाव ओळखू आलं नसतं. न्यायाधीश मात्र भला माणूस. सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेत आणि पुढची तारीख देत.

"पण आमचे मामंजी?" थोरलीने एकदा धीर करून विचारलं. "खिडकी त्यांची आहे हो."

वकिलांनी फाइल चाळली. "घर नवऱ्यामागे तुमच्या नावावर, भिंत दिराची. ते पक्षकार नाहीत."

"साक्षीदार तरी?"

"उठून येतील का कोर्टात?"

"उठता आलं असतं तर खिडकीसाठी कशाला भांडले असते?"

"झालं तर मग," वकील म्हणाले आणि त्यांनी फाइल बांधली.

शेवटी कोर्टाने एक कमिशनर नेमला. म्हणजे न्यायाधीशांना जागेवर येता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीने पाहून यायला धाडलेला एक जाडजूड वकील. तो भर दुपारी खोलीत शिरला आणि पलंगावर आपटला.

"काही दिसत नाही हो इथे. दिवा लावा जरा."

थोरलीने दिवा लावला. आल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? कमिशनरने खिडकी मोजली, भिंत मोजली, टेबलाशी ऐसपैस बसून बरंच काही लिहिलं.

"दिवा घालवून बघा की," मामंजी पलंगावरून म्हणाले.

"काका, मध्ये बोलू नका. तुम्ही पक्षकार नाही."

पुढच्या तारखेला अहवाल वाचला गेला: खोलीत पुरेसा उजेड आढळला. थोरलीने वकिलांकडे पाहिलं. "लेखी हरकत घेऊ," ते कुजबुजले, "पुढच्या वेळी." तेव्हा मात्र तिच्याच्याने राहवेना.

"साहेब, यांनी दिवा लावून उजेड बघितला हो!"

कोर्टातलं बाकडं बोलू लागल्यासारखे सगळे तिच्याकडे बघायला लागले. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "खरं का?"

"साहेब, अंधारात लिहिता येईना," कमिशनर म्हणाला.

न्यायाधीशांनी अहवाल त्याच्याकडे परत सरकवला. "पुन्हा जा. दिवा न लावता. दोन्ही पक्षकारांनी हजर राहायचं."

दावा लागल्यापासून भावजींनी त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. समोरच्या पक्षाच्या जागेत जाऊ नका, हा वकिलांचा सल्ला. बापाचं काय, ते सल्ल्यात नव्हतं. आता कोर्टाचाच हुकूम म्हटल्यावर आले. आत भर दुपारी डोळ्यात बोट गेलं तरी कळू नये असा काळोख. कमिशनर भिंती चाचपत होता. पलंगाच्या पायथ्याशी कुणीतरी बसलं.

"कोण? बेलिफ का?" मामंजींनी विचारलं.

"मी आहे, बाबा."

"मी म्हणजे? वादी की प्रतिवादी?"

"उत्तर देऊ नका!" भावजींचे वकील काळोखातून ओरडले.

पलंग करकरला. भावजी उशाशी सरकले होते. "तुमचं तोंडसुद्धा दिसत नाही हो, बाबा."

"हे लिहून घेऊ ना?" कमिशनरने विचारलं.

"कसं लिहिणार?" थोरली म्हणाली. "दिवा लावायची मनाई आहे."

भावजी उठले, धडपडत बाहेर गेले आणि पहार घेऊन भिंतीपाशी आले. मागोमाग दोन्ही वकील. निकालाआधी वादातल्या वस्तूला हात लावणं किती घातक, हे ते प्रथमच एकमताने सांगत होते. भावजींनी वरच्या थरात पहार घातली. वीट निघाली आणि वीतभर ऊन खिडकीतून पलंगाच्या कडेवर आलं.

"त्याच्या शेजारची काढ रे," आतून मामंजी ओरडले. "माझी मान इकडे वळत नाही."