माझी आठ पाने

माझी आठ पाने नाहीत, हे लूलुवा गेल्यानंतर आठव्या दिवशी कळले. घरात मृत्यू झाला की आमच्यात सात दिवस ग्रंथ उघडत नाहीत. आठव्या दिवशी सकाळी तिचा नवरा येईश जमिनीवर बसला, मला पुढ्यात घेतले आणि उघडले. मधली आठ पानांची एक जुडी गेली होती. शिवणीचा दोरा नुसता लोंबत होता.

मित्रांनो, मी एक जुनी पोथी आहे. यमनच्या डोंगरात, एका ज्यू विणकराच्या घरी राहते. मला रचणारा पंडित कित्येक शतकांपूर्वी होऊन गेला. माणसाच्या मनात देव आणि प्रश्न दोघांनीही सुखाने नांदावे, एवढ्यासाठी त्याने मला रचले. माझी भाषा अरबी, अक्षरे हिब्रू. पुढे समुद्रापलीकडच्या ज्यूंना अरबी येईना, म्हणून माझे हिब्रूत भाषांतर झाले, मग लॅटिनमध्येही. त्या माझ्या धाकट्या बहिणी. त्या जग हिंडल्या. मला येईशच्या आजोबांनी हाताने उतरवून घेतले, आणि मी इथेच राहिले.

आमच्या गावात पुस्तके थोडी. एक पुस्तक मध्ये ठेवायचे आणि मुलांनी चारी बाजूंनी बसायचे. लूलुवा लहानपणी भावांच्या समोर बसायची, म्हणून ती अक्षरे उलटीच वाचायला शिकली. लग्नानंतरही तसेच चालले. येईश सुलटे वाचायचा, ती समोरून उलटे, आणि पान आधी संपायचे तिचे.

"पान उलटा की आता! झोप लागली का?" असे ती म्हणायची. ती माझी चांगली वर्षे.

येईशने सगळे घर शोधले. मग तो शेजारच्या सईदा मावशीकडे गेला. लूलुवाला शेवटची आंघोळ तिनेच घातली होती.

"मावशी, तिच्या उशाखाली पानं होती का गं?"

"होती की. सुटी, कडा झिजलेली. जुनी पवित्र पानं पुरायची असतात ना? तिच्याच शेजारी कबरीत ठेवली. केवढा मान मिळाला पोरीला!"

येईश म्हणाला, "मावशी, ती तिनं शिवायला काढली होती."

"अगं बाई!" मावशीने तोंडावर हात ठेवला. "मला मेलीला वाचता कुठं येतं रे!"

मग येईशच हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "असू दे. पुढे काय आहे ते बघायची तिला घाईच असायची."

पण माझे काय? दुसरी अरबी प्रत आसपास नव्हती. पाच महिन्यांनी कॉफी खरेदी करायला इजिप्तचा निसीम आला, तेव्हा त्याच्या सामानात माझी हिब्रू बहीण होती. येईशने तिच्यावरून माझी पाने परत अरबीत आणायचे ठरवले. भाषांतराचे उलटे भाषांतर! उलटे वाचणारीच्या घरात ते शोभलेच.

"आठ दिवस आहे मी," निसीम म्हणाला.

"आठ पानं, आठ दिवस. रोज एक. होईल."

निसीम हसायला लागला. "ज्यू आहेस ना? मध्ये शब्बाथ येतो. त्या दिवशी लेखणीला हात लावणार आहेस?"

येईशने बोटांवर दिवस पुन्हा मोजले. शब्बाथची, शनिवारच्या विसाव्याची, आठवण आजवर लूलुवाच करून द्यायची.

तो रोज लिहायचा. शब्द अडला की समोरच्या रिकाम्या जागेकडे बघायचा आणि पुन्हा लिहायचा. शुक्रवारपर्यंत सहा पाने झाली. शब्बाथच्या दुपारी सईदा मावशी भाजलेले वाटाणे घेऊन आली आणि सरळ लूलुवाच्या जागी बसली.

"वाच. मी काय पुरलं ते मला कळू दे."

लिहायला बंदी होती, वाचायला नव्हती. येईशने आठही पाने मोठ्याने वाचली, हिब्रूवरून आमच्या बोलीत. शेवटच्या पानात होते, की देवाविषयी जे कळत नाही, ते कळत नाही असे म्हणायला माणसाने लाजू नये.

"एवढंच?" मावशी म्हणाली. "हे तर मला न वाचताच ठाऊक होतं!" मग वाटाणा चावत ती जरा थांबली. "चांगलं आहे रे. बरं झालं, तिच्याबरोबर गेलं."

येईशने मान हलवली. त्याचे डोळे भरले होते, पण चेहरा शांत होता.

रविवारी सातवे पान झाले. सोमवारी निसीम माझ्या बहिणीला घेऊन डोंगर उतरला.

"आठवं आठवणीवरून लिही," जाताना तो म्हणाला.

"नको. चूक राहील. तू पुन्हा येशील तेव्हा बघू."

मित्रांनो, मला तक्रार नाही. मला जपणारे होते आणि आहेत. तुमच्याकडे एखादे पुस्तक उसवले असेल, तर शिवण आजच घाला. पाने सुटी काढून ठेवलीच, तर कशासाठी काढली ते घरात कोणाला तरी सांगून ठेवा.

येईशने सात पाने शिवली आहेत. त्यांच्यानंतर एक कोरे पान शिवले आहे. ते लिहायचे राहिले आहे.