फ्रिजचं पाणी

खुशालरावांनी फ्रिज घेतला तो तहान लागली म्हणून नव्हे, अमरावतीच्या साडूंनी रेडिओग्राम घेतला म्हणून. साल बासष्ट. अकोल्यात सरकीच्या दलालीत त्यांना चार पैसे सुटले होते, आणि साडू महादेवराव दर भेटीत त्या रेडिओग्रामचा विषय काढल्याशिवाय पानावर बसत नसत. तेव्हा फाल्गुनातल्या एका दुपारी ताजनापेठेतल्या गल्लीत हमालांनी पांढराशुभ्र फ्रिज उतरवला. खुशालरावांच्या बायकोनं, गोदाबाईंनी, त्याच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. फ्रिज ठेवला बैठकीत. स्वयंपाकघरात ठेवला असता तर तो दिसला कोणाला असता?

पहिले काही दिवस गल्ली लोटली. खुशालराव स्वतः दार उघडायचे, आतला दिवा लागलेला सगळ्यांना नीट दिसेपर्यंत ते उघडंच ठेवायचे आणि मग पाणी ओतायचे.

त्याआधी त्या घराची ओळख म्हणजे गोदाबाईंचा माठ. ओल्या वाळूवर ठेवलेला, ओलं फडकं गुंडाळलेला, आत वाळ्याची जुडी. उन्हाळ्यात बाजारातून येणारी बाई आपलं घर ओलांडून आधी गोदाबाईंच्या पायरीवर टेकायची. समोरच्या पार्बताबाई तर रोजच्याच. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या, आणि त्या पाण्यावर आणि गप्पांवर त्यांनी वीस उन्हाळे काढले. गोदाबाईंना दागिन्यांची हौस नव्हती, लुगड्यांची नव्हती. “पाणी प्यावं तर गोदाबाईच्या घरचं,” एवढं कोणी म्हटलं की त्यांचा दिवस चांगला जायचा.

मग विजेचं बिल आलं. खुशालरावांनी ते उजेडात नेऊन वाचलं, चष्मा पुसून वाचलं आणि हे दुसऱ्या कोणाचं तरी बिल आपल्याकडे आलं असं जाहीर केलं. बिल त्यांचंच होतं. मग ते ओसरीवर मीटरखाली खुर्ची टाकून बसले. फ्रिज घरघरला की मीटरचं चाक पळायचं, आणि पाहुण्यांसाठी दार उघडं राहिलं की आणखी वेळ पळत राहायचं. सरकीच्या भावात कोणाला हार न गेलेला माणूस त्या चाकापुढे हरला. संध्याकाळी त्यांनी फ्रिजचं बटण बंद केलं. यापुढे तो साडू आले तरच चालू होणार होता. मात्र तो बंद आहे हे गल्लीला कळता कामा नये, असं त्यांनी बायकोला बजावलं. अब्रू आणि बिल, दोन्हींची सोय त्यांनी एका बटणात केली. गोदाबाईंची त्यात काय गैरसोय होईल हे त्यांच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पार्बताबाई आल्या तेव्हा गोदाबाईंनी पूर्वीसारखं माठातलं पाणी पुढे केलं. पार्बताबाईंनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा फ्रिजकडे पाहिलं. दोन घोट घेऊन फुलपात्र खाली ठेवलं आणि चुलीवर दूध आहे म्हणून उठल्या. आठवडाभरात पायरीवर कोणी टेकेनासं झालं. फ्रिज बड्या पाहुण्यांसाठी आणि आपल्यासाठी माठ, असं बायका बोलू लागल्या. ज्या पाण्यासाठी त्या उन्हातून यायच्या, तेच पाणी आता अपमान झालं होतं. गोदाबाईंना हे फार लागलं. त्यांनी नवऱ्याकडे विषय काढला.

“बाया म्हणून राहिल्या, गोदाबाईले फ्रिजचा माज आला.”

“म्हणू दे. गल्लीले पाणी पाजाले घेतला का मी फ्रिज?”

“मंग कायले घेतला?”

खुशालरावांनी पेपर उघडला आणि कापसाच्या भावात डोकं घातलं.

तेव्हा गोदाबाईंनी आपली वाट आपण काढली. सरबताच्या रिकाम्या बाटल्या धुतल्या, माठातल्या पाण्यानं भरल्या आणि बंद फ्रिजमध्ये मांडल्या. बाई पायरीशी दिसली की त्या उठायच्या, फ्रिजचं दार थाटात उघडायच्या, आतला दिवा लागत नाही हे दिसू नये म्हणून आडव्या उभ्या राहायच्या आणि बाटली काढायच्या. गल्ली परत आली. पाणी पिऊन लोक डोळे मिटायचे. शेवटच्या घरातले देवमनराव तर ग्लासभर पाणी घेऊन गाल धरून बसले. हा विलायती गारवा आपल्या दातांना सोसत नाही, म्हणाले. पुढचं बिल अगदी थोडं आलं. खुशालराव ते खिशात घेऊन फिरले आणि फ्रिज घेणं सोपं, तो वापरायला अक्कल लागते, असं ज्याला त्याला सांगत सुटले. गोदाबाईंना मनातून हसू येत होतं. आपलंच पाणी गोड लागतंय ना, मग नाव फ्रिजचं होईना का!

ज्येष्ठातल्या एका दुपारी खुशालराव बाजारात गेले होते आणि पायरीवर दोघीच होत्या. पार्बताबाईंनी ग्लास रिकामा केला, ओठ पुसले आणि मैत्रिणीच्या मांडीवर हात ठेवला.

“गोदे, राग नोको मानू. आता सांगाले हरकत नाही. तुह्या माठाच्या पाण्याले मातीचा वास ये. तू मैत्रीण, म्हणून प्या लागे.”

गोदाबाई गप्प बसल्या असत्या तर नवऱ्याची अब्रू राहिली असती, पायरीही भरलेली राहिली असती. पण वीस उन्हाळे एका वाक्यात वाहून गेले होते, आणि ते त्यांना सोसवेना. त्यांनी पार्बताबाईंचं मनगट धरलं, त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत माठातून बाटली भरली.

“हेच पाणी पेऊन राहिली तू. फ्रिज बंद आहे. बिल लय येते म्हणून यायनं बंद केला, साडू आले तरच चालू करतात.”

आता ही हसेल, ओशाळेल, मग दोघी परत पायरीवर जाऊन बसू, असं त्यांना वाटलं. पार्बताबाईंनी बाटलीकडे पाहिलं, माठाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

“म्हणजे साडू आला की फ्रिज, अन् आमाले तुमी माठावरच भागवलं.”

वीस वर्षांत त्यांनी गोदाबाईंना पहिल्यांदा ‘तुमी’ म्हटलं होतं. पदर सावरून त्या उन्हात निघून गेल्या.

संध्याकाळी खुशालराव आले. गोदाबाई स्वयंपाकघरातच होत्या. आज पाण्याला कोणी नाही का आलं, असं त्यांनी बैठकीतून विचारलं. गोदाबाईंनी माठावरचं झाकण काढलं, खाली वाकल्या आणि जन्मात पहिल्यांदा आपल्या पाण्याचा वास घेऊन पाहिला. मातीचा वास येत होता.