पुंजाच्या नावाचा गठ्ठा

मी लहानूचा केसपेपर बोलतोय, नाशिकच्या एका दवाखान्यातल्या लोखंडी कपाटातून. आवाज दबका वाटला तर माफ करा. सुतळीने गळा आवळलाय आणि अंगावर शेकडो कागदांचं ओझं आहे.

माझा जन्म १९७८ सालचा, खिडकीतल्या कारकुनाच्या हातून. समोर पेठ तालुक्याकडची भागीबाई, कडेवर पाच वर्षांचा लहानू. "मुलाच्या बापाचं नाव?" कारकुनाने विचारलं. तिने पदर तोंडावर घेतला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत. मागे रांग खोळंबली.

"बरं, सोबत कोण आलंय?"

"भाऊ. पुंजा."

कारकुनाने माझ्यावर ठोकून दिलं, 'लहानू पुंजा'. इथले गठ्ठे बापाच्या नावाने बांधतात, त्यामुळे माझं नशीब तिथेच फिरलं.

लहानू बोलत नसे, नजरेला नजर देत नसे. डब्याचं झाकण तासन्‌तास फिरवत बसे. सासू म्हणे, हिने पोटुशी असताना ग्रहणात विळा धरला. नवरा सोमा तिला माहेरी धाडून दुसरी करायच्या बेतात होता.

डॉक्टरीणबाईंनी मात्र वेगळंच विचारलं. "घरात आणखी कुणी असं?"

"दीर हाय ना, वाळू. लय कष्टाळू, पण मानसाशी बोलत नाय."

बाईंचं पेन थांबलं, मग भरभर चाललं. 'ऑटिझम. जन्मतः. काका तसेच. आनुवंशिक असावं. आईचा दोष नाही. पुढचं मूल झाल्यास पहिल्या वर्षापासून लक्ष ठेवा.' मग त्या म्हणाल्या, "जुळ्या भावंडांवरचा नवा अभ्यासही हेच सांगतोय. गुरुवारी नवऱ्याला आणा, मी वाचून दाखवते." भागीबाई रडली. त्या थेंबाचा डाग अजून माझ्यावर आहे. इतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

गुरुवारी सोमा आला, पण बाईंची बदली झाली होती. माझ्या नंबराची चिठ्ठी लहानूने चघळून टाकलेली. कारकुनाने 'लहानू सोमा' शोधला, आणि मी पुंजाच्या गठ्ठ्यात!

"बाईंनी लिवलं हाय, कागद काढा!" भागीबाई गज धरून विनवत होती. मी फटीतून नुसता बघत राहिलो. नवे डॉक्टर म्हणाले, "आईने माया लावली नाही की मुलं अशी होतात." सोमाला तेवढंच पुरलं. भागीबाई लहानूला घेऊन माहेरी गेली ती कायमची.

पुढे आठ वर्षं हेच कपाट आणि वाळवीची सोबत.

परवा खिडकीशी एक तरुण बाई आली. कडेवरची मुलगी एकटक पंख्याकडे बघत होती. बापाचं नाव विचारताच तरुणीने पदर तोंडावर घेतला. सोबतच्या म्हातारीनेच सांगितलं, "सोमा. माझा ल्योक. पयलीचं पोर बी असंच मुकं. आमच्या नशिबी समद्या बायका खोट असलेल्याच."

तरुणीची मान आणखी खाली गेली. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, पण कागदाचं कोण ऐकतो?

त्या मुलीचा केसपेपर आता याच कपाटात आहे, खालच्या फळीवर, सोमाच्या गठ्ठ्यात. 'घरात आणखी कुणी?' हा रकाना त्यावर कोराच आहे. उत्तर वीतभर वर पडलंय. हे कपाट जो कुणी उघडेल त्याला माझी विनवणी आहे, दोन्ही सुतळ्या सोडा, आम्हाला शेजारी ठेवा आणि त्या तरुणीला माझी एकच ओळ वाचून दाखवा. आईचा दोष नाही.