ढिल्या गाठीचं पार्सल

वजनकाटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पण पोस्टाच्या पार्सल खिडकीवर छत्तीस वर्षं काढलेला माणूस हातात घेतलेल्या प्रत्येक वस्तूचं वजन ग्रॅमात सांगायला लागला, तर लोक दुसरं काय म्हणणार? दवाखान्यात मेव्हणीचं बाळ पहिल्यांदा हातात दिलं, तेव्हा ‘किती गोड’ म्हणायचं सोडून हे म्हणाले, “तीन किलो दोनशे.” आणि तेवढंच निघालं, हे तर त्याहून वाईट. मेव्हणीने पुढे वर्षभर बाळ काही त्यांच्या हातात दिलं नाही.

तर अशा या वजनकाट्यांची बायको चार दिवसांसाठी त्याच मेव्हणीकडे गेली. मेव्हणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. निघताना बायको सारखी सांगत होती, गॅस बंद करा, कुंड्यांना पाणी घाला, हे इथे आहे, ते तिथे आहे. हे वैतागले आणि बोलून बसले, “अगं जा तू. तू नसलीस तरी माझं काही अडत नाही.”

ती गेली आणि चौथ्या दिवशी साथीमुळे सगळं बंद झालं. गाड्या बंद, रस्ते बंद, दुकानं बंद. त्याला आता सहावा आठवडा लागला होता.

अडत होतं, चांगलंच अडत होतं. ती गेली त्याच दिवसापासून यांचा वाचायचा चष्मा बेपत्ता होता. कपाटं उपसून झाली, गाद्या झटकून झाल्या, फ्रीजसुद्धा दोनदा तपासून झाला. चष्म्याची दुकानं बंद. बायकोला फोनवर विचारलं असतं तर एका मिनिटात काम झालं असतं. पण काही अडत नाही म्हणणाऱ्याने चष्मा कोणत्या तोंडाने विचारायचा? रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. ती विचारायची, “काय हो, सगळं ठीक ना?” हे म्हणायचे, “एकदम झकास.” दोघंही एवढ्यावरच फोन ठेवायचे. भलते हट्टी, दोघंही.

या दिवसांत त्यांना आधार होता तो पार्सलांचा. मोबाइलवर चित्र बघून ते काहीबाही मागवत. खालची बारीक अक्षरं दिसत नसल्यामुळे काय येईल याचा नेम नसायचा, आणि सगळी गंमत तीच होती. कपड्यांचे चिमटे मागवले ते बारा डझन आले. बाल्कनीत बसायला खुर्ची मागवली ती बाहुलीची आली, बोटाएवढी, पण पाठीला उशी वगैरे लावलेली. वजनकाट्यांनी ती टीव्हीवर ठेवली. येता-जाता ते तिच्याकडे कौतुकाने बघायचे.

पार्सल आलं की लगेच उघडायचं नाही, तीन दिवस दाराजवळच्या स्टुलावर ठेवायचं, असा तेव्हा शिरस्ता होता. बाकीचे लोक या तीन दिवसांना शिव्या घालत. वजनकाट्यांचा जीव त्यातच रमायचा. हातमोजे घालून ते पार्सल उचलायचे, कानाशी धरून हलवायचे, “चारशे दहा, आत काहीतरी काचेचं,” असं स्वतःलाच सांगायचे आणि चहा ठेवायला जायचे. मग चहा उकळेपर्यंत परत येऊन पुन्हा हलवायचे.

पार्सल आणणारा पोस्टमन म्हणजे त्यांचाच जुना हाताखालचा माणूस. सदा घाईत, म्हणून त्याला सगळे गडबडे म्हणत. यांनीच त्याला कामाला लावलं, शिकवलं आणि सात वर्षं पाणउतारा करून करून सरळ केलं. दाराबाहेर सहा फुटांवर खडूची रेघ होती. गडबडे पार्सल स्टुलावर ठेवायचा, रेघेपलीकडे उडी मारायचा आणि तिथून सही मागायचा.

आता एक जुनं दुखणं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकतीस वर्षांपूर्वी, लग्नाला दोनच वर्षं झालेली असताना, बायको बहिणीसाठी एक पार्सल बांधून मोठ्या हौसेने नवऱ्याच्याच खिडकीवर गेली. मागे पंधरा माणसं. साहेबांनी पार्सल फिरवून बघितलं आणि म्हणाले, “बाई, गाठ ढिली आहे. नीट बांधून आणा. मागचे, पुढे या.” बाई! स्वतःच्या बायकोला! घरी आल्यावर त्यांनी समजावलं की नियम सगळ्यांना सारखाच. त्यावर ती म्हणाली, “बरं. ह्यापुढे पोस्टाने मी एक कागदसुद्धा पाठवणार नाही.” आणि खरंच पाठवला नाही. एकतीस वर्षं!

या सहा आठवड्यांत वजनकाट्यांना ते फार लागत होतं. शेजाऱ्यांना मुलांकडून पार्सलं यायची, समोरच्या बाईंना तर माहेरहून दोन आली. यांना यायची ती सगळी यांनीच मागवलेली. तिच्याकडून एक यावं, रिकामं आलं तरी चालेल, असं त्यांना मनापासून वाटायचं. पण मागायचं कसं?

अशात एका मंगळवारी बेल वाजली. गडबड्याने छोटंसं पार्सल स्टुलावर ठेवलं आणि उडी मारली. वजनकाट्यांनी उचललं. एकशे ऐंशी. गाळणी असणार, परवाच मागवली होती. वर काहीतरी लिहिलेलं होतं, पण त्यांना दिसल्या त्या नुसत्या मुंग्या. त्यांनी दोरीला बोट लावलं आणि गाठ सुटूनच आली.

सुटलेली गाठ बघितली आणि त्यांच्या अंगात छत्तीस वर्षांची नोकरी संचारली.

“ही गाठ? बुटाच्या लेसला बरी बांधतात लोक! परत ने.”

“साहेब, तुमच्या नावाचं आहे.”

“म्हणून काय नियम बदलतो? लिही शेरा. बांधणी सदोष, घेण्यास नकार.”

गडबड्याने लिहिलं, यांनी खाली झोकात सही ठोकली. दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. त्या खुशीत त्यांनी दोनदा चहा घेतला.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. आवाज जरा लाजल्यासारखा होता.

“अहो, मिळालं का?”

“काय?”

“पार्सल. मोडली एकदाची माझी शपथ.”

वजनकाट्यांनी रिकाम्या स्टुलाकडे बघितलं. “नाही गं, अजून नाही आलं,” असं म्हणून त्यांनी घाईघाईने फोन ठेवला आणि गडबड्याला लावला.

“अरे, ते सकाळचं पार्सल मला दे रे बाबा. उद्या सकाळी आण.”

“कसं देऊ साहेब? शेरा पडला ना. पडलेला शेरा पुसत नाहीत, पार्सल प्रेषकाकडेच परत जातं. तुम्हीच शिकवलंत.” हे सांगताना गडबड्याला मुळीच घाई नव्हती.

“माझ्या बायकोचं आहे रे ते!”

“नियम सगळ्यांना सारखाच, साहेब.”

घ्या! शेवटी वजनकाट्यांनी जीव मुठीत धरून बायकोला पुन्हा फोन लावला आणि खरं ते सांगून टाकलं. मग ती एवढंच म्हणाली, “पुन्हा?” आणि फोन बंद.

त्यानंतर फोन लागेना. वजनकाटे टीव्हीवरच्या त्या इवल्याशा खुर्चीकडे बघत बसले. आपल्यासारखा गाढव आपणच, असं ते मोठ्याने म्हणाले. ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून पुन्हा एकदा म्हणाले.

सकाळी बेल वाजली. गडबडे दारात उभा, हातात तेच पार्सल.

“आणलंस? नियम मोडलास?” वजनकाटे रेघेपर्यंत पुढे आले.

“छे! नियमानेच आणलंय. प्रेषकाकडे परत. प्रेषकाचा पत्ता वाचू?” आणि त्याने वाचलं. हीच इमारत, हाच मजला, हेच दार. “खाली लिहिलंय, सध्या बहिणीकडे अडकले असले तरी माझा पत्ता हाच.”

वजनकाट्यांनी सही केली. कुठे केली ते त्यांना दिसलं नाही, एरवीही दिसलं नसतंच. तीन दिवसांचा शिरस्ता गेला खड्ड्यात. त्यांनी तिथेच दारात पार्सल फोडलं. आत त्यांचा चष्मा होता.

सोबत चिठ्ठी होती. चष्मा नाकावर चढवून त्यांनी वाचली. “माझा समजून मी हाच पिशवीत टाकला. पहिल्याच दिवशी कळलं. तुम्ही मागाल म्हणून सहा आठवडे थांबले, नाही मागितलात. हरले मी. गाठ मुद्दाम ढिली बांधली आहे. बघू, या वेळी घेता का.”

या वेळी फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

“अगं, अडतं,” वजनकाटे म्हणाले. “तू नसलीस की माझं सगळं अडतं. ये बाई लवकर.”

“रात्रभर आधी चिडले आणि मग हसत बसले,” ती म्हणाली. “आता जे म्हणालात ते लेखी द्या. पोस्टाने.”

दिलं. त्यांनी चार ओळी लिहिल्या, बाहुलीची खुर्ची कागदात गुंडाळली, खोका बांधला आणि दुसऱ्या दिवशी गडबड्यासाठी स्टुलावर ठेवून आत सरकले. पण डोळे भरलेले, घाई तर काही विचारू नका. गडबड्याने खोका फिरवून बघितला. दोरीला बोट लावलं. सुटली.

“गाठ ढिली आहे,” तो साहेबांच्या खिडकीवरच्या सुरात म्हणाला. “नीट बांधून आणा.” मग मागे वळून मोकळ्या जिन्याला उद्देशून ओरडला, “मागचे, पुढे या!”

वजनकाट्यांनी आधी बायकोला फोन लावला आणि झालं ते शब्दन् शब्द सांगितलं. ती इतकी हसली की मेव्हणी काय झालं बघायला धावत आली. एकतीस वर्षांचा हिशेब फिटला म्हणे. मग वजनकाटे खाली बसले आणि दोरी पहिल्यापासून बांधायला लागले.